एका हातातला पेला

"ती तिनी माय नही शे," आप्पा म्हणाले, ते सिनेमा सुरू होऊन दहाच मिनिटं झाली तेव्हा.

मी टीव्हीच्या अगदी जवळ बसून खालच्या इंग्रजी ओळी वाचत होते. सिनेमा कोरियन. अंतराळात हरवलेली बाई अकरा वर्षांनी घरी परत येते. चेहरा तोच, आवाज तोच, मुलगी तिला बिलगून रडते, सासरे तिला पेला भरून देतात. इथवर सगळं गोडच चाललेलं, आणि आप्पांचं आपलं भलतंच. मी त्यांच्याकडे वळून ओठ मोठे हलवत म्हटलं की आप्पा, खाली लिहिलंय ना, आईच आहे ती. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

शेवटाला त्या बाईच्या पाठीतून काय काय बाहेर आलं ते सांगत नाही, जेवणं व्हायची असतील तुमची. पण ती आई नव्हती. सगळ्या ओळी वाचून मला जे दीड तासानं कळलं, ते आप्पांना एकही ओळ न वाचता आणि एकही शब्द न ऐकता दहा मिनिटांत कळलं होतं.

"तुमले कसं समजनं?" मी विचारलं.

"पेला एकच हातमा लिधा तिनी," आप्पा म्हणाले. "त्या लोक मोठा मानुसना हातथून असं लेतस नही."

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील भटू पाटील, उधन्यात बावीस वर्षं कापडाच्या लूमवर आहेत. शिरपूरकडून आले तेव्हा कान चांगले होते. बारा-बारा तास खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, राहून हळूहळू गेले. तिथं तसाही आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, सगळे खुणांवर बोलतात. चहा, सुट्टी, पगार, सगळ्याला खूण आहे. शेठ आला की मिशी पिळायची. शेठला मिशी नाही, तरीही. आणि हजारो तारांत, म्हणजे धाग्यांत, एक तार तुटला, तर तो आप्पांना चार लूम पलीकडून दिसतो.

भयपट बघायची आवड त्यांना कान गेल्यावर लागली. त्यातही यानं, परग्रह, प्रयोगशाळा असलेलेच हवेत. रडारडीच्या सिनेमात माणसं नुसती बोलत बसतात, ते त्यांना काय कळणार? भीती मात्र बघून कळते. आणि भुताकडे बघता बघता ते माणसांकडे बघतात. रशियन लोक यानात चढण्याआधी सामान तयार ठेवून क्षणभर गप्प बसतात, हे त्यांनी मला दाखवलं. आपण नाही का कुणी गावाला निघालं की हातावर दही ठेवत, तसंच ते. जपानी माणूस पोटात परग्रहावरची अळी वळवळत असली तरी जेवणाआधी हात जोडतो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात यातलं अक्षरही नाही.

आमच्या शाळेत अरुणाबाई शनिवारी सिनेमाचा तास घेतात. दर वेळी एकानं परदेशी सिनेमाचा तुकडा दाखवायचा आणि त्या देशाबद्दल सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, बाई, मी नाही सांगणार, माझे वडील सांगतील. बाईंनी आधी सिनेमात रक्त आहे का ते विचारलं. मी म्हटलं, रक्त नाही बाई, फक्त चिकट आहे. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

आप्पा मात्र नाही म्हणाले.

कारण मला माहीत होतं. गेल्या वर्षी पालकसभेला आप्पा आले होते. बाई काय विचारतात ते ऐकू येत नव्हतं, पण ते कबूल करायचं नव्हतं. म्हणून प्रत्येक प्रश्नाला ते हो हो म्हणत राहिले, आणि तेही इतक्या मोठ्यानं की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन हसायला लागली. घरी जाताना मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी मायला पाठवा. हे त्यांना बरोबर कळलं. त्यानंतर ते घराबाहेर कुणाशी बोलायचेच बंद झाले. दुकानात, दवाखान्यात, शेठसमोर, सगळीकडे नुसती मान आणि हो हो. ऐकू येत नाही हे तोवर त्यांनी एकाही परक्या माणसाला सांगितलेलं नव्हतं.

मग मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर आणत म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मी चुकनू. तुम्ही या."

माय साडीवर टिकल्या चिकटवत होती, तिथूनच तिनं हात उडवला. "आख्खी गल्लीले भुतं दखाडी टाकात, आते शाळानी काय पाप कयं?"

शनिवारी रात्रपाळी करून आप्पा घरी आले आणि झोपायच्या ऐवजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले.

वर्गात बाईंनी पडदा लावला होता. मी सिनेमा लावून देणारी आणि आप्पांची अहिराणी मराठीत सांगणारी. आप्पांनी पहिलंच वाक्य असं खणखणीत उच्चारलं की खिडकीतलं कबूतर उडालं. मागच्या बाकावर अक्षय फिसकन हसला. मी आवाज चढवून आप्पांचं वाक्य मराठीत सांगून टाकलं: सिनेमा आवाज बंद करून बघायचा. तार कुठं तुटला ते शोधायचं.

सिनेमातली बाई घरी येते, तो तुकडा आम्ही दोनदा लावला. कुणी म्हणालं तिचे डोळे, कुणी म्हणालं सावली. शालिनी तर म्हणाली की तिचे केस जास्तच चांगले आहेत. आप्पा प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत होते आणि त्यांना मजा येत होती. मग त्यांनी मला सिनेमाची सुरुवात लावायला सांगितली. तीच बाई, अंतराळात जाण्याआधीची. सासरे पेला देतात. ती दोन्ही हातांनी घेते, तोंड बाजूला वळवून पिते.

पुन्हा परत आलेली बाई. एक हात. सासऱ्यांच्या डोळ्यांत बघत घटाघट.

"आयला," असं कुणीतरी बाईंसमोर म्हणालं आणि बाई त्याला काही बोलल्या नाहीत, कारण त्याही पडद्याकडेच बघत होत्या. मला वाटत होतं की बाकावर उभं राहून सांगावं, हे माझे वडील आहेत.

तेवढ्यात अक्षयनं हात वर केला. या वेळी हसत नव्हता. "काका, तसलं काही आपल्या घरात आलं, तर आपण कशावरून ओळखायचं?"

आप्पा त्याच्याकडे बघत होते. तो लांब होता, ओठ दिसत नव्हते. मला दिसलं, त्यांची मान हळूच खालीवर झाली आणि "हो... हो" तोंडातून निघालं. दोन पोरींनी एकमेकींकडे बघितलं. मी पटकन पुढं झाले, प्रश्न सांगायला.

आप्पांनी हात आडवा करून मला थांबवलं.

"पोऱ्या," ते अख्ख्या वर्गाला म्हणाले, त्यांच्या त्याच खात्यातल्या आवाजात, "माले ऐकाले येस नही. लूमनी कान खाई टाकात. तू आठे ये. मन्हासमोर उभा राहीसन बोल."

अक्षय उठला, बाकांमधून वाट काढत पुढं आला आणि आप्पांसमोर उभा राहिला. मग त्यानं प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, तोंड पूर्ण उघडून. आप्पा थोडे वाकून त्याच्या ओठांकडे बघत होते.

माझं तिथं काही काम उरलं नव्हतं. मी माझ्या बाकावर जाऊन बसले.