मंगलाच्या नवऱ्याचा पंचनामा

सौसरात एकट्या बाईला कोणी खोली देत नाही, हे मंगला उईकेला तीन दारांवरून परत फिरल्यावर कळलं. चौथ्या दारी ती शहाणी झाली. घरमालकीण उषाताईंनी विचारलं, "नवरा कुठी रायते?" मंगला बेधडक म्हणाली, "सुरतेले. मिलमध्ये आहे. दिवाळीले येते." झालं, खोली मिळाली. मेला नवरा दुसरी करून बैतूलकडे संसार थाटून बसला होता, पण ते सांगितलं असतं तर पाच वर्षांच्या लेकीला, तृप्तीला घेऊन ती झोपली कुठे असती?

ती थाप मंगलाने सात वर्षं निभावली. गळ्यात काळी पोत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दिवाळी आली की सुट्टी मिळाली नाही म्हणायचं. संक्रांतीला उषाताईंच्या हळदीकुंकवात तिने त्या हलकटाचं नाव घेऊन उखाणासुद्धा घेतला! बायांनी टाळ्या वाजवल्या. मंगला हसली, आणि खोलीत येऊन पोटभर रडली.

यंदा नगरपालिकेच्या घरकुलांचे अर्ज निघाले. नवऱ्याने टाकलेल्या, लेकरं पदरात असलेल्या बायांना आधी घर. मंगलाने धीर करून खरा अर्ज भरला. आता शेजारच्या पाच जणींनी लिहून दिलं, की हिला नवऱ्याने टाकलंय, की चावी हातात. सात वर्षं तिने या बायांच्या वड्या घातल्या, पापड लाटले, बाळंतपणं काढली. पाच सह्या म्हणजे काय मोठं, असं तिला वाटलं. वेडीच ती.

नगरपालिकेचे श्रीकांतबाबू पंचनाम्याला आले आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"टाकलं?" उषाताई म्हणाल्या. "अवं, हे तं दरवर्षी उखाणा घेते माह्या घरी. आमी सगळ्यायनं ऐकला."

"ताई, ते खोटं होतं," मंगला म्हणाली. "खोली जाईन म्हून बोलली मी. पोरीकडं पाहा."

"म्हंजे देवापुढं बसून खोटं बोलली? मंग आजचं खरं कशावरून?"

श्रीकांतबाबूंना जेवायला जायचं होतं. त्यांनी लिहिलं: पती सुरतेस कामाला, दिवाळीला येतो. उषाताईंनी पहिली सही केली. मागून चौघींनी केल्या, एकीने तर मंगलाच्याच हातातला पेन घेऊन.

सही झाल्यावर उषाताई उठल्या आणि थेट मंगलाच्या खोलीत शिरल्या. गादीची वळकटी बाहेर आली, मागून डबे.

"ताई, हे काय करून राहिल्या?"

"माह्या घरात लग्नाचा पोरगा आहे. टाकलेली बाई मी नाही ठेवत."

बारा वर्षांची तृप्ती मधे पडली. "आत्ताच तं तुमी सही केली, आईले नवरा आहे म्हून."

"ते सरकारचं झालं. घर माह्यं आहे," उषाताई म्हणाल्या, आणि कुलूप शोधायला आत गेल्या.

मंगला खुर्चीपाशी आली. "बाबू, आता मी पोरीले घेऊन कुठी राहू?"

श्रीकांतबाबूंनी कागद पिशवीत घातले. "जिथं राहशील तिथला पत्ता आठ दिवसात ऑफिसात देजो," ते म्हणाले. "बिनापत्त्याचा अर्ज आमी ठेवत नाही."