भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि जन्माने परदेशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी काच बेल्जियममध्ये ओतली गेली. त्या कारखान्यातले कामगार फ्रेंचमधून बोलत, फ्रेंचमधून गात आणि काच तडकली की शिव्याही फ्रेंचमधूनच देत. त्यामुळे ती भाषा मला पहिल्यापासून समजते. बोलता मात्र येत नाही. आरशाला फक्त दाखवता येतं.

बोटीने मी मुंबईत आलो. कल्याणच्या एका सुताराने मला सागवानी चौकट केली आणि वर दोन मोर कोरले. एक मोर बरा जमला, दुसरा बदकावर गेला. १९४९ साली पारनाक्याजवळ राहणाऱ्या श्रीपादरावांनी मला मुलाच्या लग्नानिमित्त घेतलं आणि मुलाच्या खोलीत टांगलं. मुलगा आनंदा, सून सरोज. माझी कौतुकाची वर्षं तेवढीच. आल्यागेल्याला मला दाखवत आणि तोही काच पाण्यासारखी आहे म्हणून मान डोलवी. रोज सकाळी आनंदा माझ्यासमोर भांग पाडी आणि त्याच्या खांद्याआडून सरोज कुंकू लावी.

सरोज मुंबईला कॉलेजात जात असे. तिच्या वडिलांनी तिला संस्कृतऐवजी फ्रेंच घ्यायला लावलं होतं, कारण फ्रेंचला मार्क सढळ पडतात अशी वदंता होती. परक्या भाषेच्या प्रेमात पडण्याची कारणं, मित्रांनो, बहुधा अशीच असतात. प्रेम मागाहून बसतं. तिचं बसलं.

मग आनंदा विषमज्वराने गेला. घरात अजून माणसं बसायला येत होती, तेवढ्यात त्याच्या आईने, गोदाबाईंनी, मला खिळ्यावरच उलटं फिरवलं. विधवेने आरशात बघू नये अशी त्या घराची रीत. पुढे बराच काळ मी भिंतीचा चुना पाहिला. चुन्याबद्दल मला पुष्कळ सांगता येईल, पण तुम्हाला त्यात गोडी वाटणार नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर श्रीपादरावांनी सुनेला पुन्हा कॉलेजात पाठवलं. आळीत त्यांची सुधारक म्हणून वाहवा झाली. ते निवृत्तीला आले होते आणि घरात दुसरं मिळवतं माणूस उरलं नव्हतं. पण सुधारणा कुठल्या दाराने आत आली हे कोणी विचारत नाही. तर सरोजला शिकायची मुभा मिळाली. आरशात बघायची नव्हती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

कॉलेजात फ्रेंच शिकवायला पाँडिचेरीच्या एक बाई होत्या. त्यांनी सरोजला सांगितलं की लेखी पेपरांची चिंता नको, पण तोंडी परीक्षेत वेगळं पास व्हावं लागतं आणि तुझे ओठ अजून कल्याण स्टेशनातच उभे आहेत. फ्रेंचमध्ये एक स्वर आहे, तो मराठीत नाही. शीळ घालताना करतात तसे ओठ गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. कानाला वाटतं जमलं, तोवर ओठ ढिले पडलेले असतात. म्हणून रोज आरशासमोर बसायचं. ती पास झाली तर मुंबईतल्या मुलींच्या एका शाळेत फ्रेंच शिकवायची जागा बाईंनी तिच्यासाठी बोलून ठेवली होती. शिवाय वसतिगृहात राहायला एक खोली. तिची एकटीची.

एके दुपारी गोदाबाई पुराणाला गेल्यावर सरोजने मला सरळ केलं. आधी ती माझ्याकडे बघेचना. पदराने माझ्यावरची कोळिष्टकं पुसत राहिली. मग वर पाहिलं. दरम्यान आपलं काय झालं आहे ते ती बराच वेळ बघत होती. शेवटी डोळे टिपून तिने ओठ गोल केले.

उच्चार चुकला. मी चुकलेला दाखवला. आमच्या जातीत मुरवत नसते.

त्यानंतर दर दुपारी आमची शिकवणी चाले. तिच्या क्रमिक पुस्तकात एक धडा होता. लियाँ शहरातली एक विधवा टोप्यांचं दुकान चालवते आणि विकायची प्रत्येक टोपी आधी स्वतः घालून आरशात बघते. हा धडा सरोज मला पुन्हापुन्हा वाचून दाखवी. पुस्तकातलं फ्रेंच पॅरिसचं, बाईंचं पाँडिचेरीचं, माझं बेल्जियमचं. पण हळूहळू तिघांचं जमत आलं. एका दुपारी तो स्वर अगदी बरोबर निघाला. सरोज हसली. त्या घरात कोणी हसल्याला फार दिवस झाले होते.

दुर्दैवाने खिडकी उघडी होती. समोरच्या माडीत विमलाबाई राहत. त्यांना ऐकू काही आलं नाही, दिसलं मात्र सगळं. विधवा बाई, आरसा, शीळ घालायचे ओठ आणि वर हसू. खाली रस्त्यावर चहाच्या दुकानात चार पुरुष बसलेले. विमलाबाईंनी बेरीज केली आणि उत्तर घेऊन त्या थेट देवळात गोदाबाईंकडे गेल्या.

गोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे विमलाबाई होत्याच.

"कोणाला शीळ घालतेस?"

"शीळ नाही, आई. अभ्यास करत्येय."

"कसला? तोंडाचा?"

"हो," सरोज म्हणाली. खरं उत्तर तेच होतं, आणि त्याहून वाईट उत्तर सापडलं नसतं.

"आमच्या वेळी अभ्यास पुस्तकात बघून करायचे हो," विमलाबाई म्हणाल्या.

सरोजने पुस्तक पुढे केलं. गोदाबाईंनी त्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ह्यात माझा आनंदा भांग पाडायचा गं," त्या म्हणाल्या. "आणि ह्यात तू तोंडं वेडावतेस?"

सरोजने पुस्तक मिटलं. गोदाबाईंनी मला फिरवलं, पण त्याआधी पदराने माझी काच पुसली, एवढं मी सांगतो. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर त्यांना समजावता आलं असतं.

श्रीपादरावांचा मध्यम मार्गावर विश्वास होता. त्यांनी ठरवलं की कॉलेज सुरू राहील, आरसा जाईल. मला नेईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून होतो. पाठीमागून सरोजच्या वाचण्याचा आवाज येई, पण दबका. ती तोंडावर पदर धरून वाचते आहे हे मला न बघताही कळत होतं. खिडकीसमोर विमलाबाई होत्या.

मी धाकूच्या सलूनमध्ये आलो. धाकू नाक्यावरचा न्हावी. माणूस साफ, बडबड्या. माझ्यासमोर गावभरचे गाल सफाचट होऊ लागले. मी कामाला कुरकुरलो नाही, पण लक्ष लागेना. परीक्षेचे दिवस आले आणि गेले.

मग एका रविवारी श्रीपादराव दाढीला आले. साबण लावता लावता धाकूने विचारलं, "सूनबाईंचं काय झालं, काका? पास झाल्या ना?"

श्रीपादरावांनी गळ्याभोवतीचा पंचा सारखा केला.

"लेखी उत्तम. तोंडीला गेली."

"का वो? येत नव्हतं?"

"येत होतं. तोंडावर हात धरून उत्तरं देत होती म्हणे. परीक्षक म्हणाले, हात काढा, ओठ दिसू देत. हिने काढला. मग तोंडच उघडेना."

धाकूचा वस्तरा हवेतच राहिला. "मग पुढल्या साली?"

"नाही म्हणते. शिवणाच्या क्लासला घातलंय."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटून घेतले. दाढी संपेपर्यंत आरशाकडे एकदाही न बघणारं गिऱ्हाईक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सरोजला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. बायका सलूनमध्ये येत नाहीत. ती रस्त्याच्या पलीकडे थांबली होती, हातात शिवणाची पिशवी. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी ती इकडेतिकडे बघत होती. मग तिने तोंडावरचा पदर खाली घेतला, गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि ओठ गोल केले.

स्वर बरोबर होता, मित्रांनो. इतक्या लांबून मला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ओठ बघून कळतं. लियाँच्या टोपीवालीलाही तो याहून नेमका जमला नसता. तिथे मार्क द्यायला कोणी नव्हतं आणि मला देता येत नाहीत. मी नुसता दाखवला. मग समोरून एक टांगा गेला आणि ती दिसेनाशी झाली.

आता माझा पारा उडाला आहे. धाकूने नवा आरसा आणला आणि मला मागच्या बोळात ठेवलं. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मोर तर कधीच गेला, बदक तेवढं उरलं आहे. पण तुमच्या घरी आरसा असेल तर अधूनमधून पुसत जा. आणि कोणासाठीही त्याचं तोंड भिंतीकडे करू नका. मी भिंत पुष्कळ पाहिली आहे. तिच्यात बघण्यासारखं काही नसतं.