गाडीच्या टेपात माझं बिऱ्हाड

मी कॅसेट बोलतेय. हसू नका, अजून आहे मी! माझ्या भावंडांची कपाटातून केव्हाच उचलबांगडी झाली. मी मात्र या जुन्या गाडीच्या टेपात अशी अडकले, की मेकॅनिकनेही हात टेकले. "काढायला गेलं तर तुटेल," म्हणाला. तेव्हापासून गाडी सुरू झाली की मी सुरू.

माझ्या पोटात इंग्रजी गाणी आहेत. मालकीणबाईंनी कॉलेजात असताना मैत्रिणीकडून भरून घेतलेली. एका गाणारीला कुणी सोडून गेलंय, दुसरी कुणाला तरी सोडून आलीय, आणि तिसरीला कशाचीच फिकीर नाही, ती नुसती नाचायला निघालीय. तेव्हा बाईंना यातले निम्मे शब्द कळत नसत. आता पन्नाशीला टेकल्यावर सगळे कळतात, म्हणूनच बहुधा त्या जास्त जोरात गातात.

बाईंची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. "अहो, आईकडे सोडता का?" असं विचारलं, की साहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "रविवारी बघू." रविवार यायचा आणि जायचा. एकदा आई न्हाणीघरात घसरून पडली. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं, आणि साहेब ऑफिसातून येईपर्यंत बाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या. गाडी समोरच होती. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात बाईंनी गाडी शिकायचं ठरवलं.

"या वयात?" साहेब म्हणाले.

"मग काय पुढच्या जन्मी?"

साहेबांनी शिकवायला घेतलं आणि दोन दिवसांत नवराबायकोचं बोलणं बंद झालं. मग धाकटी जाऊ शेजारी बसू लागली. पण खरी शिकवणी माझीच, बरं का! गाडी काढण्याआधी मला मागे फिरवून त्या नाचणारीच्या गाण्यावर आणायचं, हा बाईंचा नेम. पहिली ओळ आली की पहिला गिअर, ढोल वाजला की दुसरा, आणि ती उंच सूर लावते तिथे तिसरा. जाऊबाई कपाळाला हात लावायच्या, पण गाडी पळायची झकास.

लायसन्सच्या परीक्षेला शेजारी बसल्या त्या परीक्षक मॅडम चष्मेवाल्या, बाईंच्याच वयाच्या. चेहरा इस्त्री केल्यासारखा. बसताक्षणी म्हणाल्या, "टेप बंद करा."

झालं! बाईंनी क्लच सोडला, गाडी गचकन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचकन. परीक्षक मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. माझा जीव टांगणीला, पण तोंडाला कुलूप.

तेवढ्यात बाई गुणगुणू लागल्या. पहिला गिअर पडला. ढोल नव्हता, तर बोटांनी स्टीअरिंगवर ठेका धरला. दुसरा पडला. उंच सुराशी मात्र त्या ओशाळून थांबल्या, आणि गाडी कुरकुरू लागली.

आणि तो सूर शेजारच्या सीटवरून आला! बारीक, थोडा बेसूर, पण अगदी वेळेवर. तिसरा गिअर अलगद पडला. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "डावीकडे घ्या."

सही करताना त्या हळूच बोलल्या, "आमच्याकडेही होती ही कॅसेट. मुलाने टाकून दिली."

आता मी झिजलेय. नाचणारीला सर्दी झाल्यासारखं वाटतं. साहेब म्हणतात, हे डबडं काढून नवीन काहीतरी बसवू. बाबांनो, एवढं करू नका. अजून थोडी गाणी आहेत माझ्यात.

नुकताच मोतीबिंदू काढलाय, म्हणून साहेबांना सध्या गाडी चालवायला मनाई आहे. काल ते पत्त्यांचा कॅट खिशात घालून गाडीपाशी आले. "अगं, जरा मित्राकडे सोडतेस का?"

बाईंनी किल्ली फिरवली, मला सुरू केलं आणि काच खाली घेतली.

"रविवारी बघू," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी आईकडे निघालो.