कधीच नाही

भिरभिरीने महिन्यात तिसऱ्यांदा एकाच कोटाला दोन डाव्या बाह्या बेतल्या, तेव्हा शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंनी हात टेकले. "डोकं तपासून घे, नाहीतर दुसरं काम बघ," त्या म्हणाल्या. पस्तिशीच्या भिरभिरीला कात्रीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तिने पहिला सल्ला मानला.

मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी दोनदा तास-तासभर विचारपूस केली. "लक्षणं एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची दिसताहेत," त्या म्हणाल्या, "पण हे रक्त तपासून कळत नाही. लहानपणापासून असंच होतं का, ते आईकडून कळायला हवं." त्यांनी अठरा प्रश्नांचा तक्ता दिला. भिरभिरीने तो दोनदा हरवला, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

आईने तक्ता भरला तो चांगल्या वर्तणुकीचा दाखला समजून. वस्तू हरवते? कधीच नाही. विसरते? कधीच नाही. अठराही प्रश्नांना तेच उत्तर आणि खाली ठसठशीत सही. परक्या बाईसमोर लेकीचं उणं काढणाऱ्यांतली ती नव्हती. या तक्त्यावरून भिरभिरीला काही झालेलंच नाही असं ठरलं असतं. मायेपायी आता नोकरी जाणार होती.

डॉक्टरबाईंनी तक्ता वाचला आणि समोर बसलेल्या आईला विचारलं, "शाळेत कधीच काही विसरली नाही?"

"विसरेल कशी? दप्तर मी भरायचे. डबा राहिला तर मागून पळत मी न्यायचे. अभ्यासाला शेजारी मी बसायचे, नाहीतर हिचं लक्ष खिडकीबाहेर."

"हे कितवीपर्यंत?"

"संपलंय कुठे? अजून रोज सकाळी फोन करते, किल्ली घेतलीस का म्हणून."

डॉक्टरबाई भराभर लिहू लागल्या, तशी आई चपापली. "माझी नणंद म्हणते, मीच लाडाने बिघडवली हिला."

"बिघडवली नाहीत, सावरलीत. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. एडीएचडीच आहे."

भिरभिरीला रडू आलं. इतकी वर्षं ती स्वतःला मठ्ठ समजत आली होती.

गोळी लहान मात्रेने सुरू झाली. महिन्याने पुन्हा यायचं, कामाची यादी नजरेसमोर टांगायची, कापायच्या आधी कापडावर खडूने डावं-उजवं लिहायचं. "आणि आई, तिच्या वस्तू आता तिला सांभाळू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दोन जिने उतरल्यावर भिरभिरी थबकली. "आई, माझी पिशवी?" गोळ्यांची चिठ्ठी आणि मालकीणबाईंना द्यायचं पत्र, दोन्ही पिशवीतच होतं.

पिशवी आईच्या खांद्यावर होती. सवयीने खुर्चीवरून उचललेली. आईने आधी खांद्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. मग दुखऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरत ती पुन्हा वर गेली आणि पाच मिनिटांनी रिकाम्या हातांनी खाली आली.

"खुर्चीवर ठेवली आहे," ती धापा टाकत म्हणाली. "जा, तुझी तू घेऊन ये."