कॅमेऱ्याकडे बघू नका

"मी हॉलमध्ये आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही," फोटोवाला म्हणाला, आणि कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकता सरकता थेट नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या मांडीवर जाऊन बसला.

आजोबांची कॉफी आजोबांच्याच कोटावर सांडली. फोटोवाला उठला, पण माफी मागायचं सोडून त्याने त्यांच्या कळवळलेल्या चेहऱ्याचे पटापट फोटो काढले आणि "एकदम खरी भावना" असं म्हणून पुढे गेला. आत्याचं डोकं तिथे जे फिरलं, ते दिवसभर फिरतंच राहिलं.

आत्या म्हणजे नवरीची आत्या. भाऊ आणि वहिनी गेल्यावर तिनेच पोरीला वाढवलं होतं, बसवर कंडक्टरकी करून. पोरीचं कागदावर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण आत्या ठमी म्हणायची, म्हणून सगळेच ठमी म्हणायचे. ठमीचा पहिला दात पडला, आत्याने फोटो काढला. ठमी सायकलवरून पडली, तेव्हा आधी फोटो आणि मग मलम. घरात कपाटभर फोटो होते आणि एकातही आत्या नव्हती, कारण दर वेळी कॅमेरा तिच्याच हातात. फार तर कोपऱ्यात तिचा अंगठा दिसायचा. आता ठमी लग्न करून नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती, दुसऱ्याच दिवशीचं विमान होतं. आत्याला दोघींचा एक फोटो हवा होता. शेजारी शेजारी उभ्या, सरळ समोर बघताना. बास, एवढंच.

सकाळीच तिने हे फोटोवाल्याला सांगून ठेवलं होतं. त्याने तिच्याकडे फार दयेने बघितलं. सरळ उभं राहून बघायचं ते पासपोर्टसाठी, त्याने समजावलं. आता कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. माणसं आपल्याच नादात असतात आणि आपण चोरून टिपायचं, त्याला म्हणतात कॅन्डिड. पन्नास वर्षांनीसुद्धा बघावासा वाटेल असा फोटो. आणि हे सगळं सांगताना तो तिला "आत्या" म्हणत होता. याची आत्या मी कधीपासून, हे आत्याने गिळलं.

मग सगळं नैसर्गिक सुरू झालं, म्हणजे त्याच्या हुकमाने. नवऱ्या मुलाला त्याने हिरवळीवर काहीतरी विसरल्यासारखं इकडून तिकडे चालायला लावलं. ठमीला सहज मागे वळून बघायला लावलं, इतक्या वेळा की तिची मान धरली. ड्रोन उडवला, तर तो स्टेजचा झिरझिरीत पडदाच घेऊन वर गेला आणि पाहुण्यांच्या डोक्यावरून भुतासारखा फिरायला लागला. विहीणबाईंना वाटलं हे ठरलेलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मधेच एकदा आत्याने ठमीचा हात धरला, तिला भिंतीशी नेऊन उभी केली, स्वतः शेजारी उभी राहिली, पदर सारखा केला आणि फोटोवाल्याला हाक मारली. तो आला तो झाडाच्या फांदीआड शिरला. तिथून पाण्याच्या ग्लासामागे, आणि तिथून टेबलाखाली.

"कॅमेऱ्याकडे बघू नका. एकमेकींशी बोला," टेबलाखालून आवाज आला.

काय बोलू, असं आत्याने विचारलं. काहीही, आकडे म्हणा, आवाज येत नाही, फक्त ओठ हलतात, असं उत्तर मिळालं. तेव्हा ज्या पोरीला तिने पाढे शिकवले होते, तिच्या तोंडाकडे प्रेमाने बघत आत्या एकपासून आकडे म्हणायला लागली. साठाच्या पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की टेबलाखाली कुणीच नाही. तो केव्हाच केककडे गेला होता.

निघायची वेळ झाली. पर्स आणायच्या निमित्ताने ठमी मागच्या बोळात आली. तिथे रचलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला आत्या एकटीच उभी होती. ठमीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी पोटभर रडल्या. रुमाल एकच होता, तो दोघींनी वापरला.

लाल डोळ्यांनी बाहेर आल्या, तर फोटोवाल्याने कपाळावर हात मारला. बोळात कशाला रडलात, तिथे उजेड आहे का, असं तो चिडून म्हणाला. रडायची जागा त्याने गाडीपाशी ठरवली होती, गुलाबी धुराची सोय केली होती. आता रडणं परत घ्यावं लागेल. आत्याने डावीकडून यायचं, ठमीने उजवीकडून, सावकाश मिठी मारायची आणि मग खांदे हलवायचे.

पोरीची गाडी खोळंबायला नको म्हणून आत्या डावीकडून आली. मिठी झाली. खांदे हलले. रडू काही येईना. धूर मात्र आला, आणि खिडकीतून सरळ गाडीत शिरला. आत बसलेला जावई खोकून खोकून बेजार झाला.

"आत्या, जरा काहीतरी दुःखाचं आठवा ना," फोटोवाला म्हणाला.

आत्याने ठमीला हळूच सोडलं आणि वळली. वर्षानुवर्षं ज्या आवाजाने तिने भरलेल्या बसमधली माणसं पुढे सरकवली होती, तो आवाज तिने काढला.

"तू मला दुःख आठवायला सांगतोस? झाडाआडून बघतोस, टेबलाखालून बघतोस. माणसासारखा समोर उभा राहून कधी माणसाच्या तोंडाकडे बघितलंयस का रे?"

बोट रोखून ती त्याच्या अंगावर चालून गेली. तो आवाज लहानपणापासून ओळखणारी ठमी तिच्या मागून फस्सकन हसली. फोटोवाल्याने तोंड वाचवायला कॅमेरा आडवा धरला, आणि घाबरून बटण दाबलं गेलं.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो दिसला. आत्याच्या नाकपुड्या फुललेल्या, केस सुटलेले, बोट वर. खांद्यामागे ठमी, सगळे दात दाखवून हसणारी. आणि दोघीही सरळ समोर बघत होत्या.

"आत्या, हाच," ठमी म्हणाली. "तिकडे घरात शिरल्या शिरल्या दिसेल असा लावते. ही तूच आहेस."

आत्या बराच वेळ बघत राहिली. नाक केवढं दिसतंय, एवढंच पुटपुटली. मग आवाज खाली आणून तिने फोटोवाल्याला सांगितलं, मोठा करून दे, दोन. तो म्हणाला, हा बिघडलेला फोटो आहे, असला आमच्याकडून बाहेर जात नाही.

"दोन," ठमी म्हणाली. आवाज हुबेहूब आत्याचा होता. त्याने मान डोलावली.

ठमी गेली. आत्याने दारासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ काढून दुसरीकडे लावलं आणि ती जागा मोकळी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, इथे माझा आणि ठमीचा फोटो येणार आहे, भांडतानाचा.

महिन्याभराने फोटो आला. काच, चौकट, सगळं झकास. सोबत स्टुडिओची चिठ्ठी होती: तुमचा फोटो जरा बिघडला होता, तो आमच्या पद्धतीत बसवून दिला आहे. दुसरा परदेशी पाठवला आहे.

बोट नव्हतं. केस बसवलेले होते, नाक लहान केलेलं होतं. दोघी बाजूच्या एका फुलांच्या कुंडीकडे बघत होत्या आणि मंद हसत होत्या. गाडीपाशी कुंडी नव्हती.

आत्याने स्टुडिओला फोन केला. मूळ फोटो खराब होता, त्यामुळे त्यांनी तो पुसून टाकला होता.