अटर्नी लालीविरुद्ध हरकत

सान व्हिदालच्या कोर्टात न्यायाधीशाची खुर्ची होती, फक्त न्यायाधीश नव्हता. जुने निवृत्त झाले त्याला कितीतरी वर्षं लोटली. शेजारच्या बेटावरचे न्यायाधीश महिन्यातून एकदा बोटीने येत, आणि समुद्र खवळलेला असला की तेही येत नसत. कोंबडी चोरल्याचा आरोप असलेला माणूस त्या कोंबडीच्या आयुष्यापेक्षा जास्त दिवस कोठडीत बसे. त्यामुळे या खुर्चीसाठी अर्ज केलेल्या वकिलांची नावं पेपरात छापून आली, तेव्हा अर्धं गाव मानांग ओपेंगच्या, म्हणजे ओपेंगताईच्या, खानावळीत जमलं.

"चार नावं आहेत," ओपेंगने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत जाहीर केलं. "पहिला सरकारी वकील ओलायव्हार. त्याने आजवर कुणाला निर्दोष म्हटलेलं ऐकलंय का?"

"स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा नाही!" कोपऱ्यातून आवाज आला.

"दुसरा मोंतेमायोर. सगळ्या जमीनदारांचा वकील."

"मग कोर्ट त्यांच्या नारळाच्या बागेतच भरवा की."

"तिसरी शहरातल्या कोर्टातली मुख्य कारकून. आणि चौथी आपली लाली."

इथे सगळ्यांनी आपापल्या ताटात मान घातली. युलालिया काबार्दो, म्हणजे लाली, ही गावातली गरिबांची वकील. पगार सरकारचा, पक्षकार फुकटातले. फी देता येत नाही म्हणून लोक तिला पोराच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता करत. एकदा धर्ममाता झाली की पोराच्या आईबापांची ती कुमारे, आणि पोराचा बाप तिचा कुम्पारे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावंडांइतकं घट्ट असतं. लालीला नाही म्हणता येत नसे, त्यामुळे गावातल्या प्रत्येक गल्लीत तिचा एखादा कुम्पारे होताच.

तिला ती खुर्ची हवी होती, आणि हे ती लपवत नव्हती. रिकाम्या खुर्चीपुढे उभं राहून वकिली करण्याचा तिला कंटाळा आला होता. मागच्या खेपेला मुलाखतीत तिला विचारलं होतं, "आयुष्यभर चोरांचीच बाजू मांडलीत, दुसरा काही अनुभव?" तेव्हा ती गडबडली आणि नाव राजधानीला जाणाऱ्या यादीत आलं नाही. या वयात तिसरी संधी मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नावं छापून आली की कुणालाही हरकत घेता येते. हरकतीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी लालीच्या ऑफिसात रूफो बांतिलान आला. होडीवाला, तिचा जुना पक्षकार आणि कुम्पारे. टोपी हातात घेऊन तो समोर बसला.

"कुमारे, एक अर्ज लिहून हवाय. शपथेवर."

"कुणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध."

लालीने पेन खाली ठेवलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रागावू नकोस. तू न्यायाधीश झालीस तर आमचं कोण? ओलायव्हार होऊ दे न्यायाधीश, आमच्या बाजूला तू असलीस म्हणजे झालं. मला हरकत घ्यायचीय."

"मग माझ्याकडे कशाला आलास? दुसरा वकील गाठ."

"मोंतेमायोर नुसतं 'या' म्हणायचे पैसे घेतो! फुकटात लिहिणारी तूच एक आहेस."

ते खरंच होतं. लाली उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. ‘नाही लिहीत’ म्हटलं असतं तर हरकत तिथेच मेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण ज्या माणसाला दुसरा वकील नाही त्याला दारातून परत पाठवायचं नाही, या एका गोष्टीवर तिने आजवरची वकिली केली होती. तिला रूफोचा भयंकर राग आला, आणि तिने कागद ओढला.

"कारण सांग."

"तू चांगली वकील आहेस."

"हे कारण चालत नाही, गाढवा. फेकून देतील."

"मग चालणारं कारण कुठलं? तूच सांग. माझी वकील आहेस ना?"

लालीने कारण सांगितलं, एकेक शब्द मोजत. "अर्ध्या गावाची मी धर्ममाता आहे. कुम्पारे समोर उभा राहिला तर न्याय कसा देणार, असं लिहायचं."

"वा!" रूफो खूश झाला. "हे जोरदार आहे."

आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा घालणं म्हणजे काय, हे लालीला त्या दिवशी कळलं. तिने अर्ज वाचून दाखवला, त्याला शपथ दिली, शिक्का मारला.

मुलाखती शहरात, सगळ्यांसमोर होत्या. ओलायव्हार आणि मोंतेमायोर कडक इस्त्रीचे पांढरे बारोंग सदरे घालून आले होते. ओलायव्हारने किती जणांना शिक्षा झाली ते सांगितलं, मोंतेमायोरने किती जमिनींचे वाद जिंकले ते सांगितलं. कारकूनबाई शांतपणे, नेटकं बोलल्या. मग लालीची पाळी आली.

निवड मंडळाच्या अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती व्हिलारोसा यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अटर्नी काबार्दो, तुमच्याविरुद्ध एक हरकत आहे, आणि ती वजनदार आहे. यातलं खरं किती?"

"सगळं, न्यायमूर्ती."

"धर्ममुलं किती आहेत?"

"मोजली नाहीत. नाताळात भेटवस्तू मागायला दारात रांग लागते."

लोक हसले. न्यायमूर्ती हसल्या नाहीत. "मग अर्धे खटले तुम्हाला ऐकताच येणार नाहीत. तुमचा उपयोग काय?"

"शेजारच्या बेटावर माझा एकही कुम्पारे नाही," लाली म्हणाली. "माझ्या नात्यातले आणि जुन्या पक्षकारांचे खटले तिथल्या न्यायाधीशांनी ऐकावेत, त्यांच्याकडचे मी ऐकेन. त्यांचा भार हलका झाला तर ते नेमाने येतील. आणि नवं नातं मी यापुढे जोडणार नाही."

न्यायमूर्तींनी कागद उलटला. "हरकतदार हजर आहेत? उभे राहा. अर्ज मुद्देसूद आहे. लिहिला कुणी?"

रूफो छाती काढून उभा राहिला. "हिनेच, मॅडम."

सभागृहात कुजबुज उठली. ओलायव्हारच्या चेहऱ्यावर तर नाताळच आला. मंडळातले एक सभासद पुढे झुकले. "स्वतःविरुद्धची हरकत स्वतःच लिहिलीत? वकील म्हणून हे नियमात बसतं?"

"बसत नाही, साहेब," लाली म्हणाली. "दुसऱ्याकडे जा म्हटलं मी. दुसरं कुणी नव्हतं, आणि तो शेवटचा दिवस होता. मी नकार दिला असता तर फायदा माझा झाला असता. ते तर मुळीच बसलं नसतं."

न्यायमूर्ती रूफोकडे वळल्या. "तुम्ही यांना कसे ओळखता?"

"मी शेजाऱ्याच्या होडीचं इंजिन चोरलं होतं, मॅडम. हिला म्हटलं, सांग मी घरी झोपलो होतो. ही म्हणाली, खोटं सांगायला मी उभी राहणार नाही. चोरलंयस, तर चोरलं म्हण, इंजिन परत कर, शिक्षा कमी करून घेते. मी हिला काय काय शिव्या घातल्या! तुरुंगात गेलो. सुटून आलो, पोरगी झाली, तेव्हा बायको म्हणाली, धर्ममाता दुसरी कुणी नको."

"म्हणजे तुम्ही यांच्याबद्दल चांगलं बोलताय. हरकत मागे घेता?"

"छे!" रूफो दचकला. "हरकत आहेच. आम्हाला हिच्यासारखी दुसरी वकील द्या, मग घेतो मागे."

या वेळी न्यायमूर्तीही हसल्या, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. लाली खाली बसली. सगळं संपलं असंच तिला वाटलं, तरी मागच्या खेपेसारखी लाज मात्र वाटत नव्हती.

पाऊसकाळ संपता संपता राजधानीतून नेमणूक आली. सान व्हिदालसाठी, युलालिया काबार्दो. तिच्या जुन्या टेबलावर गरिबांची एक नवी वकीलही रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला बाप्तिस्म्याचं आमंत्रण दिलं.

शपथ घेऊन लाली बोटीने परतली, तेव्हा धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. बँड होता, फुलांच्या माळा होत्या. रूफोच्या अंगणातून भाजलेल्या डुकराचा वास थेट धक्क्यापर्यंत येत होता. आता न्यायाधीश म्हणून यातल्या कुणाच्याही ताटावर बसणं तिला शक्य नव्हतं, आणि हे या माणसांना कसं सांगायचं, याचीच जुळवाजुळव ती सबंध प्रवासात करत आली होती. आमच्याकडे जेवणाला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

रूफो पुढे आला. टोपी काढली. नेहमीसारखा हात न धरता दोन पावलं लांब उभा राहिला.

"जज," तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज आमच्या घरी मोठं जेवण आहे. सगळ्या गावाला बोलावलंय." त्याने टोपी छातीशी धरली. "तुम्हाला नाही."

बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. मग ओपेंग हसली, मग सगळेच हसले आणि बँडने जोर धरला. लालीने डोळे पुसले, रूफोला मान लववून नमस्कार केला आणि एकटीच घराकडे चालू लागली. सकाळी कोर्ट उघडायचं होतं.