गाडीची झोपमोड

दुकानात गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाल्याने काचा पुसाव्यात. आपला चष्मेवाला फोन काढायचा आणि बायकोची गाडी कुठे उभी आहे ते बघत बसायचा.

गाडी विजेची होती. ती घेतली त्या दिवशी बायकोला पेशंटकडे जायची घाई होती, म्हणून शोरूममधल्या मुलीने गाडीचं ॲप नवऱ्याच्या फोनवर चालू करून दिलं. बायको ते साफ विसरून गेली. नवरा विसरला नाही. बायको फिजिओथेरपिस्ट, कुणाचा पाय मोडलेला, कुणाची कंबर धरलेली, अशांच्या घरी जाऊन व्यायाम करवून घ्यायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, पुण्याचं काम आहे. याला त्यात परकी घरं दिसायची आणि त्या घरांतले पुरुष तेवढे दिसायचे.

मागे एकदा तर तो एका पेशंटच्या दारातच जाऊन उभा राहिला होता. "इकडूनच चाललो होतो, म्हटलं डोकावावं." पेशंट निघाले ऐंशीच्या घरातले आजोबा. त्या दिवशी बायको घरी येऊन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पुन्हा माझ्यावर पाळत ठेवलीस तर मी या घरात राहणार नाही. हे मी रागाच्या भरात बोलत नाहीये." ती बोलेल तसं करणारी बाई होती, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने दारात जाणं सोडलं आणि फोन धरला. फोनवरून नुसतं बघितलं तर कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही, अशी त्याची समजूत.

तर गेल्या काही आठवड्यांत गाडी वरचेवर एकाच गल्लीत थांबायला लागली. त्या गल्लीत ना पेशंट, ना पाहुणे. एका दुपारी दुकानाचं शटर ओढून तो लांबून बघून आला. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या गाड्यांचं गॅरेज होतं आणि दारात स्टुलावर मेकॅनिक बसला होता. कपाळावर झुलपं, बाह्या वर सारलेल्या, हसताना सगळे दात दाखवणारा. झालं! चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने मनातल्या मनात त्याला 'झुलपेवाला' असं नावही ठेवून टाकलं.

गॅरेजमध्ये माणूस गाडी दुरुस्तीला नेतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण गाडी बिघडली असती तर बायको घरी बोलली नसती का? ती तर चकार शब्द काढत नव्हती. विचारावं, तर तुला कसं कळलं म्हणेल. मग काय, उठता-बसता फोन. जेवताना मांडीवर फोन, गिऱ्हाइकाला 'ही ओळ दिसते का' विचारताना दुसऱ्या हातात फोन.

आणि एका सुट्टीच्या सकाळी गाडी घराखालच्या पार्किंगमध्येच बंद पडली. बायको बॅग घेऊन खाली गेली तशी परत वर आली आणि तिने फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही, हे त्याने टिपलं.

"अहो, परत तसंच झालंय," ती फोनवर म्हणाली आणि हसली. बंद पडलेल्या गाडीत हसण्यासारखं काय होतं, ते त्या दोघांनाच माहीत. चष्मेवाला चपला घालून तिच्याआधी खाली जाऊन उभा राहिला.

झुलपेवाला स्कूटरवरून आला, पायाशी एक जड खोकं घेऊन. "नमस्कार मॅडम! आणि हे साहेब का? मॅडम बोलतात तुमच्याबद्दल."

"काय बोलतात?"

"चांगलंच हो!"

चष्मेवाल्याला त्यात चांगलं असं काहीच वाटलं नाही.

झुलपेवाल्याने गाडीचं पुढचं झाकण वर केलं. आत कोपऱ्यात एक लहानशी बॅटरी होती. "साहेब, गाडीची मोठी बॅटरी खाली, ती गच्च भरलेली आहे. पण तिचं कुलूप उघडायचं काम हिचं. किल्लीवालाच आजारी पडला तर कोठार भरून काय उपयोग?" त्याने मीटरच्या दोन तारा लावल्या. साडेबारा व्होल्ट. "बघा, दिसायला ठणठणीत. आता मॅडम, दार उघडा."

तिने दार उघडलं. गाडीत कुठेतरी टकटक झालं, समोरच्या पडद्यावर होते नव्हते तेवढे सगळे दिवे लागले आणि मीटरवरचा आकडा घसरत दहाच्याही खाली गेला.

"पडून असली की ठीक, उठायला सांगितलं की चक्कर," झुलपेवाला म्हणाला.

"अगदी माझ्या पेशंटसारखी," बायको म्हणाली, आणि दोघं हसले.

चष्मेवाला हसला नाही. असली गंमत ती पूर्वी त्याच्याशी करायची. शेवटची कधी केली होती ते त्याला आठवेना, आणि ही तर फुकट त्या मेल्याच्या पदरात पडली.

"पण ही तुम्ही मागच्याच महिन्यात बदलली होती ना?" बायकोने विचारलं.

झुलपेवाल्याचे दात पहिल्यांदाच झाकले गेले. चष्मेवाल्याला कोण आनंद झाला! "म्हणजे माल वाईट दिलात तुम्ही," तो शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "बॅटऱ्या बदलायला काय, कुणीही बदलेल. रोग शोधता आला पाहिजे."

"माल चांगला होता साहेब," झुलपेवाला म्हणाला. शब्द त्याला चांगलाच झोंबला होता. "पण चुकलं माझं. मागच्या वेळी बदलली आणि हात झटकले. हिला कुणीतरी आतून खातंय. आज त्याचा छडा लावल्याशिवाय जात नाही."

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतल्याचं माणसाला लगेच कळत नाही, तसं चष्मेवाल्यालाही कळलं नाही.

झुलपेवाल्याने आधी उणं टोक सोडवलं, मग अधिक. जुनी बॅटरी काढून सरळ चष्मेवाल्याच्या हातात दिली आणि खोक्यातली नवी बसवून टोकं उलट्या क्रमाने आवळली. गाडी एका दमात सुरू झाली. ती बंद करून त्याने दारं कुलूप न घालता नुसती लावली, बायकोला चावी वर घरात ठेवून यायला सांगितलं, आणि बॅटरीच्या तारेला चिमट्यासारखा एक मीटर अडकवला.

"आता गाडी झोपेल. झोपली की हा आकडा जवळपास शून्यावर येतो. झोपेतही ती वीज खात असेल, तर चोर घरातच आहे."

बायको चावी ठेवून आली. तिघं आकड्याकडे बघत उभे राहिले.

"इतक्या वेळा बंद पडली, तर मला का नाही सांगितलंस?" चष्मेवाल्याने शेवटी विचारलंच.

"सांगितलं असतं तर 'मी म्हटलं होतं पेट्रोलचीच घे' हे महिनाभर ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, दोन पेशंटच्या मध्ये जाऊन गुपचूप नीट करून घ्यावी. कालही दुपारी यांनी तारा लावून सुरू करून दिली."

बस्स, एवढंच होतं! चष्मेवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याला बायकोचा हात धरावासा वाटला. धरला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण संशयाची सवय व्यसनासारखी असते. विश्वास तर बसलाच आहे, त्याने मनाशी म्हटलं, पण काल दुपारी ती तिथे किती वेळ होती, एवढं बघून घ्यायला काय हरकत आहे? तारा लावायला काही तासभर लागत नाही. हातातली जुनी बॅटरी खाली ठेवून तो पार्किंगच्या एका खांबाआड गेला आणि त्याने फोन काढला.

टक्. गाडीत आवाज झाला.

"उठली!" झुलपेवाला ओरडला. "हात कुणी लावला?"

कुणीच लावला नव्हता. आकडा वर चढला होता. थोड्या वेळाने तो उतरत उतरत पुन्हा तळाला आला. चष्मेवाल्याचं अजून नीट बघून झालं नव्हतं. त्याने पुन्हा फोन काढला.

टक्.

"आयला!" झुलपेवाला मीटर सोडून उभा राहिला. त्याने गाडीकडे बघितलं, बायकोच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग खांबाआडच्या पाठीकडे. आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. त्याच्या मनात पाप नव्हतं. चोर सापडल्याचा आनंद होता नुसता.

"सापडला! साहेब, तुमच्या फोनवर गाडीचं ॲप आहे ना? ते उघडलं की ते गाडीला हाक मारतं, 'कुठे आहेस गं?' आणि ती बिचारी उठून उत्तर देते. एकदा-दोनदा काही होत नाही. पण बॅटरी अशी मारायची, तर दिवसभर तेच करायला पाहिजे. तुम्ही एवढं बघता तरी काय हो?"

झुलपेवाल्याचं हसू हळूहळू आवरलं.

बायकोने हात पुढे केला. चष्मेवाल्याने फोन दिला. न देऊन जाणार कुठे? पडद्यावर कालची दुपार होती, गॅरेजची गल्ली होती. तिने बोटाने मागे सरकवत परवाचं बघितलं, त्याच्या आधीचं बघितलं. सगळीकडे तीच होती.

"म्हणजे तू बघायचास म्हणून गाडी बंद पडायची," ती म्हणाली. "आणि बंद पडायची म्हणून मी यांच्याकडे जायचे. आणि मी यांच्याकडे जायचे म्हणून तू बघायचास."

"अगं, माझा जीव जळतो तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी नाही जळत, माझ्यावर जळतो." तिने फोन त्याच्या हातात ठेवला. मग मागचं दार उघडून व्यायामाचे पट्टे बॅगेत भरले आणि बॅग खांद्याला लावली.

"गाडी तरी घेऊन जा. मी वरून चावी आणतो."

"राहू दे तुला. डोळ्यांसमोर गाडीच हवी होती ना?" ती झुलपेवाल्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही काम चोख केलंत," आणि फाटकातून बाहेर पडली. डावीकडे वळली, एवढं दिसलं. डावीकडे पेशंटकडे जायचा रस्ता होता, स्टेशनही होतं, तिच्या बहिणीचं घरही होतं.

झुलपेवाल्याने हत्यारं गोळा केली. तो बराच वेळ एकच पाना पुसत राहिला. "साहेब, मी आपला... मला वाटलं गाडीचाच प्रश्न आहे." मग जरा थांबून, काळजीने, "मॅडम गेल्या कुठे?"

याला कशाला हव्यात चौकशा, हा विचार तेवढ्यातही चष्मेवाल्याच्या मनात येऊन गेला. मग त्याने फाटकाकडे बघितलं.

"विचारलं नाही," तो म्हणाला.